कर्करोगाची लस, कोळंबीचं साल आणि ‘बायोपॉलिमर’च्या कॅप्सूल

सुरसागर

नमस्कार मंडळी. आमच्या मोठ्या काकांना मूत्राशयाचा कर्करोग निघाला, सुरुवातीच्या टप्प्यातला. गाठ दुर्बिणीतून काढली, आता मूत्राशयात बीसीजी सोडताहेत. हो, बाळांना टोचतात तीच बीसीजी. ‘त्या जागची प्रतिकारशक्ती जागी करायची आहे’ एवढं डॉक्टर म्हणाले आणि काकांचं तेवढ्यावर समाधान झालं.

पण येणारे-जाणारे गप्प बसले तर ते बडोदं कसलं! सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ‘समुद्री बायोपॉलिमर’च्या कॅप्सूलचा डबा आणून दिला. आत चिटोसान आहे म्हणे. किंमत वाचून काकूंनी डबा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. सोबत व्हॉट्सॲपवर एक लेख आला की बायोपॉलिमरच्या ॲडज्युव्हंटमुळे कर्करोगाच्या लशीची ताकद वाढते. मी जरा शोधाशोध केली. बायोपॉलिमर म्हणजे सजीवांपासून मिळणारे लांब साखळीचे रेणू. चिटोसान, अल्जिनेट (समुद्री शेवाळातलं), बीटा-ग्लुकान या सगळ्यांवर खरोखरच काम चाललंय. म्हणजे लेख खोटा नाही. मग कॅप्सूल खोटी कशावरून?

मी पडलो कॉमर्सवाला. ॲडज्युव्हंट हा काय प्रकार आहे आणि काकांच्या बीसीजीशी त्याचं काही नातं आहे का, जाणकारांनी जरा सोपं करून सांगावं.

नर्मदाकाठ

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही असाच एक डबा आलाय, फक्त तो ‘गुडघ्यांसाठी’ म्हणून.

पशुवैद्य आजोबा

बीसीजीकडे नंतर येऊ, आधी घोडा.

माणसांच्या घटसर्पावरचं (डिप्थेरियावरचं) औषध पूर्वी घोड्याच्या रक्तातून काढत. निष्प्रभ केलेलं घटसर्पाचं विष घोड्याला टोचायचं, रक्तात प्रतिविष तयार झालं की रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करायचा. पाश्चर इन्स्टिट्यूटमधले गास्तों रामों हे काम बघत. माणूस आमच्याच पंथातला, पशुवैद्य. त्यांच्या ध्यानात आलं की टोचल्या जागी ज्या घोड्याला गळू होतं, त्याच्या रक्तात प्रतिविष जास्त निघतं. मग त्यांनी विषासोबत हाताला लागेल ते मिसळून पाहिलं. टॅपिओका, अगर, लेसिथिन, सॅपोनिन, एवढंच काय, पावाचा चुराही! आणि उतारा खरंच वाढला. ही गोष्ट १९२५ ची. पुढच्याच वर्षी इंग्लंडात ग्लेनी यांनी ॲल्युमिनियमचा, तुरटीच्या कुळातला क्षार वापरला आणि लसवाल्यांनी तोच धरून ठेवला. अमेरिकेत तर २००९ पर्यंत माणसांच्या लशींत मंजुरी असलेला ॲडज्युव्हंट तेवढा एकच होता.

आता बघा, टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणा, निव्वळ स्टार्च. अगर समुद्री शेवाळाचा. दोन्ही बायोपॉलिमरच. तेव्हा ‘शास्त्रज्ञांचा नवा शोध’ वाचलं की मला जरा हसू येतं.

शेवउसळ

आजोबा, म्हणजे घोडा उपासाचा होता तर.

कलाभवन

सुरसागर, मी बडोद्यालाच एम.फार्म. केलं, विषय होता चिटोसानचे नॅनोकण. जमेल तेवढं लिहिते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

लशीत मुख्य माल असतो अँटिजेन, म्हणजे शत्रूची ओळख पटवणारा तुकडा. जुन्या लशींत अख्खा मेलेला किंवा अर्धमेला जंतूच असायचा, म्हणून त्या दणकून लागू पडत. आता आपण एखादंच स्वच्छ प्रथिन टोचतो आणि शरीर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. लग्नाची पत्रिका नुसती टपालाने आली तर कोण उठतंय? घरी येऊन अक्षत दिली की झाडून सगळे निघतात. अक्षत देण्याचं काम ॲडज्युव्हंटचं. चार्ल्स जेनवे नावाच्या इम्युनॉलॉजिस्टने १९८९ मध्ये ॲडज्युव्हंटला ‘आमचं घाणेरडं छोटं गुपित’ म्हटलं होतं. सगळे वापरत होते, पण तो नेमकं करतो काय हे कोणी बोलत नव्हतं. त्याचं म्हणणं असं की शरीर नुसतं परकं काय ते बघत नाही, सोबत धोक्याची खूण आहे का तेही बघतं. ती खूण वाचतात डेंड्रिटिक पेशी. त्या अँटिजेन गिळतात, लसिकाग्रंथीत जातात आणि टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशींना, दाखवतात. खूण नसेल तर दाखवूनही उपयोग नाही, उलट टी-पेशी ‘हे आपलंच आहे’ असं शिकून बसतात.

कर्करोगात नेमकं इथेच घोडं अडतं. गाठ आपल्याच पेशींची, त्यामुळे शरीर आधीच ढिलं पडलेलं. आणि ॲल्युमिनियमचा कल अँटिबॉडी वाढवण्याकडे. जंतू पेशीत शिरण्याआधी अडवायचा असेल तर ते उत्तम. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही या लशी तशाच चालतात आणि त्या विषाणूंमुळे होणारे यकृताचे, गर्भाशयमुखाचे कर्करोग टळतात. पुण्याच्या सिरमची सर्व्हावॅक २०२३ मध्ये बाजारात आली, तिच्यातही ॲल्युमिनियमच आहे. पण गाठ एकदा झाली की ती पेशी मारायला किलर टी-पेशी लागतात, सीडी ८ वाल्या. ते काम ॲल्युमिनियमच्या आवाक्यातलं नाही. म्हणून दुसऱ्या ॲडज्युव्हंटची शोधाशोध.

चिटोसान येतं कोळंबी-खेकड्याच्या सालांतून. आपल्या गुजरातेत वेरावळला मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, तिथे साल ढिगाने निघतं. आम्लात टाकून चुना काढायचा, सौम्य अल्कलीत प्रथिनं काढायची, उरतं ते कायटिन. ते तीव्र कॉस्टिकमध्ये तापवलं की त्याचे ॲसिटाइल गट गळतात आणि चिटोसान तयार. निसर्गातले बहुतेक बायोपॉलिमर ऋणभारित किंवा भाररहित असतात, हा एक धनभारित. त्यामुळे डीएनए, आरएनए, बरीचशी प्रथिनं आणि पेशींची पृष्ठभागं, सगळ्यांना हा चिकटतो. शिवाय नुसतं चिकटून थांबत नाही. २०१६ मध्ये ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात आलेल्या कामात दिसलं की डेंड्रिटिक पेशीत चिटोसान शिरलं की मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरावर, ताण येतो, तिथला डीएनए पेशीद्रवात येतो आणि सीगॅस-स्टिंग नावाची धोक्याची घंटा वाजते. त्यातून टाइप १ इंटरफेरॉन सुटतात, आणि किलर टी-पेशींची फौज उभी करायला तेच हवे असतात.

आता तुमचा डबा. वरचं सगळं घडायला चिटोसान अँटिजेनसोबत, डेंड्रिटिक पेशीच्या हाती, नॅनोमीटरच्या मापात पोचावं लागतं. कॅप्सूल गिळली की ते जठरातल्या आम्लात विरघळतं, आतड्यात पुन्हा साका होतं, रक्तात जवळजवळ जातच नाही आणि बाहेर पडतं. परदेशात ते ‘चरबी धरून ठेवणारं’ म्हणून वजनाच्या गोळ्यांत विकतात. सोबत अँटिजेन नाही, जागा चुकीची. काका रक्त पातळ करायला वॉर्फरिन घेत असतील तर त्याचा परिणाम वाढल्याच्याही नोंदी आहेत. डबा भिंतीकडे तोंड करून आहे ना, तसाच राहू द्या. आणि डॉक्टरांना सांगा की असं काही घरात आलं होतं.

सुरसागर

ताई, दंडवत. काका रक्त पातळ करायची गोळी घेतात. कोणती ते बघून आत्ताच काकूंना फोन करतो.

खडूस

ताईंनी छान लिहिलंय, पण थोडं पाणी ओततो. कर्करोगाच्या लशींचा इतिहास बघा. जीएसकेने फुप्फुसाच्या कर्करोगावर मेज-ए ३ लस काढली होती. सोबतचा ॲडज्युव्हंट साधासुधा नव्हता, एएस १५. त्यात एमपीएल, चिलीतल्या झाडाच्या सालीचं क्यूएस-२१ आणि सीपीजी, असे तीन दणकट घटक. दोन हजारांवर रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली आणि २०१४ मध्ये निकाल लागला: नुसतं प्लासिबो घेतलेल्यांहून काही फरक नाही. एवढा पैसा, एवढी माणसं. त्यापुढे उंदरांवरचं चिटोसान काय घेऊन बसलात?

कलाभवन

खडूस, मेज-ए ३ चं उदाहरण बरोबर आहे. पण ते ॲडज्युव्हंटच्या खात्यावर टाकू नका. त्या चाचणीत सगळ्यांना एकच ठरावीक अँटिजेन होता आणि तेव्हा चेकपॉइंट औषधांची, म्हणजे टी-पेशींवरचा ब्रेक काढणाऱ्या औषधांची, जोड नव्हती. आता मॉडर्ना आणि मर्कची वैयक्तिक एमआरएनए लस बघा. प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले जास्तीत जास्त ३४ बदललेले तुकडे निवडून लस बनवली, जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब हे चेकपॉइंट औषध दिलं. मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) १५७ रुग्णांच्या चाचणीत आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी निघाला. चाचणी दुसऱ्या टप्प्याचीच आहे, हे मी आधीच कबूल करते, नाहीतर तुम्ही सांगालच.

आणि माणसांच्या चाचण्यांत बायोपॉलिमर अजिबात नाहीत असंही नाही. पॉली-आयसीएलसी हा ॲडज्युव्हंट कर्करोगाच्या किती तरी लशींत वापरून झालाय. तो मुळात दुहेरी आरएनएची नक्कल आहे. पण रक्तातली एन्झाइम्स त्याला क्षणात खातात, म्हणून पॉलिलायसिन आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज घालून तो टिकवलाय. हे सेल्युलोज आइस्क्रीममध्येही घालतात.

खडूस

३४ तुकड्यांची माहिती नव्हती. आभार. तरी माझा मुद्दा तसाच आहे: लोक ‘लस’ शब्द ऐकून बाजारात धावतात आणि डबेवाल्यांचं फावतं.

कलाभवन

त्यावर वाद नाही.

पशुवैद्य आजोबा

सुरसागरांच्या बीसीजीबद्दल राहिलं. १९७६ मध्ये कॅनडात मोरालेस यांनी मूत्राशयात बीसीजी सोडून पाहिली, १९९० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. साधारणपणे आठवड्याला एकदा, अशी सहा वेळा सोडतात आणि रुग्णाने दोनेक तास लघवी धरून ठेवायची. यात बाहेरून अँटिजेन द्यावाच लागत नाही. गाठीच्या उरल्यासुरल्या पेशी तिथे आहेतच, बीसीजी फक्त बोंब ठोकते. म्हणजे काकांच्या पोटात चाललंय ते ॲडज्युव्हंटचंच तत्त्व, जिवंत जंतू वापरून. अवांतर: औषध दिल्यावर घरच्या संडासात काही तास ब्लीच टाकायला सांगतात, ते विसरू नका. जंतू जिवंत असतात.

कलाभवन

आजोबांनी दुवा जोडून दिला म्हणून सांगते. चिटोसानचा प्रयोग मूत्राशयावरही झालाय. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर ऋणभारित थर असतो, त्यामुळे कुठलंही औषध सोडलं तरी लघवीबरोबर धुऊन जातं. धनभारित चिटोसान तिथे चिकटतं. अमेरिकेतल्या झाहारॉफ यांच्या गटाने इंटरल्यूकिन-१२ हे प्रतिकारपेशींना चेतवणारं प्रथिन चिटोसानमध्ये मिसळून उंदरांच्या मूत्राशयात सोडलं. नुसत्या इंटरल्यूकिनपेक्षा आणि बीसीजीपेक्षाही ते सरस ठरलं. उंदरांत, खडूस, उंदरांत!

माणसांपर्यंत पोचलेला प्रकार वेगळा आहे. चिटोसानला गॅलॅक्टोज जोडलं की ते शरीराच्या पीएचलाही विरघळलेलं राहतं. गाठ आधी उष्णतेने जाळायची आणि लगेच हे तिथे टोचायचं. जळलेल्या गाठीतून अँटिजेन आपोआप सांडतात. हा आयपी-००१ नावाने माणसांवरच्या चाचण्यांत आहे.

नर्मदाकाठ

माझा प्रश्न मशरूमचा. बीटा-ग्लुकान म्हणजे तेच ना? जपानमध्ये खातात, त्यांना कर्करोग होत नाही वगैरे.

कलाभवन

नर्मदाकाठ, ‘होत नाही वगैरे’ सोडून द्या, जपानमध्ये जठराचा कर्करोग चांगलाच आहे. पण त्यामागे खरी गोष्टही आहे. शिताके मशरूममधून काढलेलं लेंटिनान जपानमध्ये १९८० च्या दशकात जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीने मंजूर झालं. ते शुद्ध करून शिरेतून देत. दुसऱ्या एका मशरूममधला पीएसके मात्र तोंडानेच देत. बीटा-ग्लुकानला ओळखणारा डेक्टिन-१ नावाचा ग्राहक आपल्या पेशींवर असतो, कारण बुरशीच्या भिंतीत हेच असतं आणि शरीराला बुरशी ओळखावीच लागते. मशरूमची भाजी खा की, छान लागते. पण ती भाजी म्हणून खा.

शेवउसळ

एक बाळबोध शंका. आमच्या मजल्यावर सगळे जैन शेजारी. उद्या अशी लस आलीच तर ‘इंजेक्शनमध्ये खेकडा’ म्हणून रामायण होईल. आणि कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांचं काय?

कलाभवन

बाळबोध कसली, नियामकही हेच विचारतात. कोळंबीची ॲलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, पॉलिमरची नव्हे. म्हणून प्रथिनांचा अंश किती उरलाय ते मोजावंच लागतं. आणि चिटोसान बुरशीपासूनही मिळतं, ॲस्परजिलस नायगरपासून. सायट्रिक ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांत ती टनांनी वाढवतात. तुमच्या मजल्याची सोय झाली.

खडूस

मग अडलंय कुठे? शंभर वर्षं झाली साबुदाण्याला. स्वस्त आहे, विरघळतं, किलर पेशी उठवतं म्हणता. लस का नाही?

कलाभवन

आत्ता विचारलात कामाचं.

नॅनोकण बनवायची पद्धत अगदी साधी आहे. एक टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये चिटोसान विरघळवायचं, चुंबकी ढवळणीवर ठेवायचं आणि ऋणभारित ट्रायपॉलिफॉस्फेटचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. पारदर्शक द्रावणावर एका क्षणी निळसर दुधी झाक येते. तिथे हात थांबवायचा, कण झाले. चार थेंब जास्त पडले की सगळं फुटक्या दुधासारखं खाली बसतं. बघायला मजा येते. पण दुसऱ्या गोणीतलं चिटोसान घेतलं की ती झाक वेगळ्याच थेंबाला येते आणि कणांचं मापही बदलतं. कारण साखळीची लांबी आणि ॲसिटाइल गट किती गळलेत, दोन्ही बदललेले असतात. कोळंबी कोणती, मोसम कोणता, कॉस्टिकमध्ये किती वेळ तापलं, सगळं त्यात उतरतं. आणि माप बदललं की परिणाम बदलतो. साधारण २० ते २०० नॅनोमीटरचे कण स्वतःहून लसिकाग्रंथीत वाहत जातात, त्याहून मोठे टोचल्या जागीच राहतात आणि पेशी येऊन उचलतील याची वाट बघतात. तुरटीच्या क्षारापेक्षा हे गुणी असेल, पण दर खेपेला तेच निघेल याची हमी देता येत नाही. लशीत तर आधी हमी लागते.

दुसरी अडचण एंडोटॉक्सिनची. जंतूंच्या भिंतीचे हे तुकडे समुद्री मालात आणि पाण्यात सर्रास असतात, आणि धनभारित चिटोसान त्यांना घट्ट धरतं. एंडोटॉक्सिन हे स्वतःच जबरदस्त ॲडज्युव्हंट. त्यामुळे जुन्या कित्येक प्रयोगांत ‘चिटोसानने प्रतिकारशक्ती उठवली’ की त्यातल्या घाणीने, हा प्रश्न उभा राहतो. तपासायची एलएएल चाचणी बीटा-ग्लुकानलाही भुलते आणि खोटा होकार देते. म्हणजे मशरूमवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. मी नवा शोधनिबंध उघडला की आधी पद्धतींच्या भागात एंडोटॉक्सिन मोजलंय का ते बघते. नसेल मोजलं तर आकृत्या कितीही देखण्या असोत, मी पुढे वाचत नाही.

पण मला बायोपॉलिमरांवर भरवसा का वाटतो तेही सांगते. पूर्वी कर्करोगाच्या पेप्टाइड (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांच्या) लशी खनिज तेलात घोळवून देत. समजूत अशी की माल जितका जास्त दिवस टोचल्या जागी मुरेल तितकं बरं. २०१३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एम.डी. अँडरसनच्या गटाचं काम आलं. उंदरांत किलर टी-पेशी तयार झाल्या, खूप झाल्या, पण गाठीकडे न जाता त्या तेलाच्या गोळ्याकडेच वळल्या, कारण अँटिजेन तिथे साचलेला होता. तिथेच दमल्या आणि मेल्या. लवकर विरून जाणारी लस दिली तेव्हा पेशी गाठीपर्यंत पोचल्या. तेल शरीरात विरघळत नाही. अल्जिनेट, चिटोसान, हायल्युरोनिक ॲसिड यांचा टिकाव आपल्याला ठरवता येतो, साखळी आखूड-लांब करून, गाठी सैल-घट्ट बांधून. कर्करोगात मला ॲडज्युव्हंटच्या ताकदीपेक्षा तो वेळेवर निघून जाण्याची किंमत जास्त वाटते. आणि तेलाला किंवा ॲल्युमिनियमला ते जमणार नाही.

खडूस

हे पटलं. आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं. धागा निवडक दहात.

पशुवैद्य आजोबा

तेलाच्या गाठी आम्ही गुरांत पुष्कळ पाहिल्यात. लाळ्या-खुरकुतच्या तेली लशीनंतर मानेवर गाठ येते, गोठेवाले पुढच्या वेळी दारच उघडत नाहीत.

सुरसागर

काकूंचा फोन झाला. गोळी वॉर्फरिनच निघाली. काकांनी कॅप्सूल एकही घेतलेली नव्हती, तरी डॉक्टरांना सांगणार आहोत. डबा परत करायला गेलो तर गृहस्थ म्हणाले, ‘उघडला नाही ना, मग दुसऱ्या पेशंटला देतो.’ आता यांना काय म्हणावं? त्यांना ताईंचा प्रतिसाद फॉरवर्ड केलाय.

तिसरंवर्ष

मी इथेच बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे, शेवटचं वर्ष. धागा वाचून यावर प्रोजेक्ट करावासा वाटतोय. पण आमच्याकडे ना उंदीर, ना पेशी वाढवायची सोय. ढवळणी आणि ब्युरेट आहे, आयआर (इन्फ्रारेड) मशीन विभागात मागावं लागेल. काही होईल का?

कलाभवन

होईल, आणि उपयोगी होईल. एकाच पुरवठादाराकडून दर महिन्याला कोळंबीचं साल मागव, कोळंबीची जात आणि तारीख लिहून ठेव. सगळ्यांवर तंतोतंत एकच प्रक्रिया कर. प्रत्येक खेपेचं ॲसिटाइल गळण्याचं प्रमाण काढ, टायट्रेशनने काढ आणि आयआरनेही, दोन्ही आकडे जुळतात का बघ. विस्कोमीटर मिळाला तर रेणुभाराचा अंदाज येईल. मग ट्रायपॉलिफॉस्फेट सोडून दुधी झाक किती मिलिलिटरला येते ते नोंदव. कॉस्टिक हाताळताना चष्मा आणि हातमोजे. पहिली खेप बिघडली तरी नोंद खोडू नकोस. आकडे आले की मला निरोप टाक, आयआरचं बघू कुठे जमतंय ते.